विडीपुरता विसावा

दाढ उपटून आज अकरा दिवस झाले, तरी दाढ दुखायची काही थांबेना.

आता जी दाढ तोंडातच नाही ती दुखते कशी, हे काडीवाल्या मावशीला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायला तिला सवड तरी कुठे होती? बटाट्याची काढणी ऐन भरात आलेली. धुकं उठायच्या आत शेतात हजर व्हायचं. पुढे ट्रॅक्टर सरी फोडत जायचा, ओली माती उलटी पडायची आणि मागून अठरा बाया कमरेत वाकून बटाटे वेचत जायच्या. गारठ्यानं बोटं वळायची नाहीत. नखांत शिरलेली माती संध्याकाळी कढत पाण्यानंही निघायची नाही. टोपली भरली की डोक्यावर घ्यायची, भुसभुशीत मातीत घोट्यापर्यंत पाय रुतवत बांध गाठायचा, बांध चढायचा आणि वर उभ्या केलेल्या पोत्यात ओतायची. की परत खाली. दिवसाला साठ-सत्तर खेपा कुठेच गेल्या नाहीत.

वेचताना मावशीला काही होत नव्हतं. बांध चढायला लागलं की मात्र खालच्या जबड्यातून कळ निघायची. ती कानापर्यंत जायची, मग मानेतून उतरून दोन खांद्यांच्या मधोमध बसायची. टोपली ओतली, जरा टेकलं, विडी शिलगावली, चार दम मारले, की कळ गायब. म्हणून तर मावशी सगळ्यांना सांगायची की विडीसारखं औषध नाही. दातवाल्यानं दिलेल्या गोळ्या तिनं केव्हाच चुलीत टाकल्या होत्या.

"तोंड का वाकडं गं मावशी?" शेजारच्या सरीतून भोंगा ओरडली. तिचं कुजबुजणंही पलीकडच्या शेतात ऐकू जायचं, म्हणून तिला भोंगा म्हणायचे.

"दाढ."

"ती तर काढलीस ना?"

"काढली."

"मग?"

"मग काय मग! दुखतेय."

"शेजारची असेल. त्या मेल्यानं चुकून भलतीच काढली असेल. तसा तो अर्धा आंधळाच आहे. माझ्या नणंदेचा दुखरा दात ठेवला आणि चांगला काढला, वर म्हणाला, पुढेमागे दुखलाच असता."

बाया हसल्या. मावशीही हसली, पण हसताना तिला धाप लागली. हल्ली हे नवीनच होतं. चार शब्द सलग बोललं तरी श्वास पुरायचा नाही. वय एक्कावन्न. आता म्हातारपण आलं म्हणायचं, दुसरं काय!

दहाच्या सुमाराला मुकादमानं बांधावरून हाळी दिली, "विडीऽऽ!"

तेवढं ऐकलं की चौदा बाया हातातलं टाकून बांधावर चढायच्या. मावशी कमरेची पिशवी सोडायची, तिच्यातून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली काडेपेटी काढायची आणि एका काडीत चार-चार विड्या पेटवून द्यायची. दवानं इतरांच्या काड्या सादळायच्या, मावशीची पेटी कधी सादळली नाही. काडीवाली हे नाव पडलं ते त्यामुळे. बत्तीस वर्षं ती पेटी तिच्याच कमरेला होती आणि मावशीला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला.

अठरातल्या चार बाया खालीच वाकलेल्या राहायच्या. त्या विडी ओढत नव्हत्या. जी विडी ओढत नाही ती बसत नाही, असा त्या शेतावरचा कायदा होता. त्या चौघींतली एक तर 'उभी' म्हणूनच ओळखली जायची, कारण शेतावर तिला बसलेली कुणी बघितलीच नव्हती. धुराचा वास आला की तिला मळमळायचं. बारीक अंगाची, गप्प बाई. सगळ्या बसल्या की ती एकटी सरीतून पुढे जायची आणि कुणाकडे बघायचीही नाही.

हा कायदा झाला तो मावशीमुळेच. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, थोरलं पोर सहा महिन्यांचं. मुकादमकी आताच्या मुकादमाच्या बापाकडे होती. गडी माणसं दहा वाजता आणि चार वाजता बांधावर बसून विडी ओढायची. बाया सकाळपासून दुपारच्या भाकरीपर्यंत वाकलेल्या त्या वाकलेल्याच. एक दिवस मावशीची कंबर इतकी भरून आली की तिला सरळच होता येईना. ती म्हणाली, "मामा, आम्हाला पण घटकाभर बसू द्या की."

म्हातारा हसला. "गडी काय बसायला बसतात होय? विडी ओढायला बसतात. तू ओढतेस का विडी?"

गडी खो खो हसायला लागले. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच बांधावर चढली, म्हाताऱ्याच्या बोटांतली उष्टी विडी काढून घेतली आणि ओढली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, घसा सोलून निघाला, पण ती खोकली नाही. विडी हातात धरून ऐसपैस बसली.

म्हातारा शब्दात सापडला. "बस मग," तो म्हणाला. "विडी संपली की ऊठ."

दुसऱ्या दिवशी आणखी तिघी बसल्या. महिन्याभरात निम्म्या टोळीच्या हातात विडी आली. सासूनं मावशीशी महिनाभर अबोला धरला. नवऱ्यानं आदळआपट केली आणि मग विड्यांचं बंडल लपवून ठेवायला लागला. पण बायांना बसायला मिळालं. त्या शेतावर बायांनी आजवर काही मिळवलं असेल तर ते एवढंच.

विडीची एक खोड असते. दम मारला नाही की ती विझते. आणि विझली की उठायचं. म्हणून बाया बोलता बोलता, पाय चोळता चोळता दम मारतच राहायच्या. बसायचं असेल तर ओढत राहणं भाग होतं.

मावशीच्या शेजारी तिची सून बसली होती. नवरा मालट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर, दीड वर्षाचं पोर आजोबांच्या अंगावर टाकून ती काढणीला यायची. सहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा तिसऱ्या दिवशी सरीतच बसून रडली होती. मुकादमानं वरून आवाज दिला, "ए, ऊठ! बसायला आलीस का?" तेव्हा मावशीनंच तिला हाताला धरून बांधावर आणलं, विडी पेटवून तिच्या बोटांत दिली.

"ओढ. खोकला येईल, गिळून टाक. पण बसायला मिळेल."

सून आता सफाईनं ओढायची. मावशीला बरं वाटायचं. आपल्या हातून सुनेला काहीतरी सुख मिळालं, असंच तिला वाटायचं.

*

त्या दिवशी दुपारनंतर गार वारा सुटला. संध्याकाळी शीतगृहाचा ट्रक यायचा होता आणि दोनशे पोती व्हायची बाकी होती. मुकादम वरून घाई करत होता. मावशी टोपली घेऊन बांधाशी आली आणि तिथेच थांबली. अंगाला दरदरून घाम सुटला होता. एवढ्या गारठ्यात घाम! डावा हात जड झाला, आपला वाटेना. पोटातून ढवळून आलं आणि ती भडभडून ओकली. टोपली कलंडून बटाटे घरंगळत खाली गेले.

"पित्त झालंय!" भोंगा धावली. "सकाळी कोरा चहा ढोसतेस, वर काही खात नाहीस. होणारच!"

"थकलीय ती," दुसरी म्हणाली. "वय झालं."

"विडी दे मला," मावशी म्हणाली. "विडी ओढली की बरं वाटेल."

सुनेनं मावशीच्याच पिशवीतून काडेपेटी काढली, विडी पेटवली, सासूच्या ओठांत धरली. मावशीनं दम मारला. आजवर चौथ्या दमाला कळ थांबायची. आज दहा झाले तरी थांबेना. उलट जबड्यापासून पाठीपर्यंत कुणी पिळतंय असं झालं. मावशी घाबरली. मरणाला ती भीत नव्हती, पण औषध लागू पडलं नाही याची तिला भीती वाटली.

तेवढ्यात उभी सरीतून वर आली. ती कधी स्वतःहून बोलायची नाही. तिनं मावशीच्या ओठांतली विडी काढून मातीत चिरडली आणि मुकादमाला म्हणाली, "ट्रॅक्टर सोड. माझी आई अशीच गेली. तिला पण पित्तच म्हणत होते सगळे."

मुकादमाचा चेहरा उतरला. "दोनशे पोती राहिलीत गं," असं पुटपुटला, पण ट्रॅक्टरची ट्रॉली त्यानंच मोकळी केली. रिकाम्या पोत्यांवर मावशीला निजवलं. सून उशाशी बसली. खड्ड्याखड्ड्यांतून ट्रॅक्टर निघाला, आणि मावशी आभाळाकडे बघत राहिली. एवढा वेळ उताणं पडून आभाळ बघायला तिला कधी मिळालं होतं, ते आठवेना.

*

जवळच्या दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात, तिथून मशिनीवर. मांडीतून बारीक नळी घालून काळजाची बुजलेली वाट मोकळी केली म्हणे. मावशीला त्यातलं फारसं कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली, तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई खाटेजवळ स्टूल ओढून बसली. एका बाजूला म्हातारा, म्हणजे मावशीचा नवरा, दुसऱ्या बाजूला सून.

"मावशी, दाढ कशाला काढलीत?"

"दुखत होती म्हणून."

"कधी दुखायची?"

"बांध चढताना. टोपली डोक्यावर असली की."

"आणि थांबायची कधी?"

"विडी ओढली की."

"विडी ओढताना तुम्ही उभ्या असायच्या की बसलेल्या?"

काय खुळचट प्रश्न विचारते ही, असं मावशीला वाटलं. "बसलेली. उभ्यानं कोण ओढतं?"

"मग बसल्यामुळे थांबायची, मावशी. विडीमुळे नाही."

मावशी उशीवरून सरळ झाली.

"दाढ चांगली होती तुमची," डॉक्टरीणबाई म्हणाली. "दुखत होतं ते काळीज. चढताना त्याला जास्त रक्त लागायचं, आणि वाट अरुंद झालेली. बसलं की त्याचं काम कमी व्हायचं, दुखणं थांबायचं. तुम्ही श्रेय विडीला देत होतात, आणि वाट बुजवत होती तीच."

"पण छातीत कुठे दुखलं हिच्या?" म्हातारा मध्येच बोलला. "काळजाचं दुखणं छातीत असतं."

"बाईचं नेहमीच तसं नसतं, आजोबा. जबडा दुखतो, पाठ दुखते, मळमळतं, धाप लागते, अंगातलं त्राण जातं. पुरुषानं छाती धरली की घरदार धावतं. बाई म्हणते पित्त झालं, घरचे म्हणतात थकली. त्यात दिवस जातात."

"मी चाळीस वर्षं ओढतोय. मला काही झालं का?"

"अजून नाही झालं," ती शांतपणे म्हणाली. "होणार नाही असं लिहून देऊ नका. पण तेवढीच विडी बाईच्या काळजाला पुरुषापेक्षा जास्त नडते. तुमच्या दोघांचं एकच बंडल असलं तरी भोग सारखा नाही."

म्हाताऱ्याच्या खिशात बंडल होतं, त्यावर त्यानं हळूच हात ठेवला.

"आता ही सुटली पाहिजे," ती मावशीला म्हणाली. "वर्षभर हात लावला नाही, तर धोका निम्म्यावर येतो. कमी करते, एखादीच ओढते, असलं चालणार नाही." मग ती सुनेकडे वळली. "आणि तू? तुझ्याही अंगाला वास येतोय."

सुनेनं मान खाली घातली.

"पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतेस?"

"नर्सबाईंनी दिल्यात," सून पुटपुटली.

"त्यांना सांगितलंस का विडी ओढते म्हणून? नाही ना? ती गोळी आणि विडी एका अंगात नको. रक्ताच्या गाठी होतात, आणि त्या काळजात जाऊन बसल्या तर तुझं वय बघत नाहीत. नर्सबाईला भेटून दुसरा उपाय घे. आणि विडी टाक. तुला कुणी शिकवली?"

सुनेनं मावशीकडे बघितलंही नाही. खाटेच्या कडेला पडलेला आपलाच हात मावशीला दिसला, पहिल्या दोन बोटांना पिवळं पडलेला. याच बोटांनी पेटवून दिली होती.

*

घरी आल्यावर मावशीनं विडीला हात लावला नाही. सांगायला सोपं आहे. पहिले आठ दिवस ती घरभर कावल्यासारखी फिरली, भांडी आपटली, नातवावर खेकसली, मग त्याला जवळ घेऊन रडली. सकाळी उठलं की बोटं आपोआप कमरेकडे जायची. झोप लागायची नाही. डोकं फुटायचं. म्हातारा विडी ओढायला मागच्या अंगणात जायला लागला, एवढाच त्यानं त्याग केला. मावशी मात्र वारा तिकडून आला की दाराशी जाऊन उभी राहायची आणि स्वतःलाच शिव्या घालायची.

सून दोन दिवस घरी राहिली आणि पुन्हा काढणीला जायला लागली. चौथ्या दिवशी ती परत आली, पोराला घ्यायला वाकली, आणि मावशीला वास आला.

"ओढलीस?"

सुनेनं पोराचं नाक पदरानं पुसलं.

"त्या बाईनं एवढं कानीकपाळी ओरडून सांगितलं! कुणासाठी सांगितलं? मी मरता मरता वाचले ते बघितलंस ना डोळ्यांनी?"

"बघितलं."

"मग?"

सुनेनं पोराला कडेवर घेतलं. तिचे डोळे कोरडे होते. "आई, तीन दिवस नाही ओढली मी. तीन दिवस उभीच्या मागोमाग वेचत होते. सकाळी सातपासून दुपारपर्यंत पाठ टेकली नाही. काल दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली. मुकादमाला म्हटलं, जरा बसते. तो म्हणाला, विडी ओढतेस का? नाही ना? मग वेच. आता सांगा, मी काय करू? तुम्हीच म्हणाला होतात, ओढ, बसायला मिळेल."

बत्तीस वर्षं ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, ती गोष्ट सुनेनं चार वाक्यांत तिच्या पदरात टाकली होती. आणि सून खोटं बोलत नव्हती. मावशी उंबऱ्यावर बसली ती दिवेलागणीपर्यंत उठलीच नाही.

डॉक्टरीणबाईनं रोज सपाटीला थोडं चालायला सांगितलं होतं. चालायचंच आहे ना, मग शेतापर्यंत चालू, असं मावशीनं ठरवलं.

*

तिसऱ्या आठवड्यातला तो दिवस. धुकं नुकतंच विरलेलं, मातीतून वाफ निघत होती. मावशी मध्ये दोनदा थांबून, श्वास घेऊन शेतावर पोचली, तेव्हा दहाला थोडा अवकाश होता. ती बांधाला वळसा घालून, जिथे चढ नाही तिथून वर गेली आणि नेहमीच्या जागी बसली.

"आली गं बाई काडीवाली!" भोंगा खालून किंचाळली. "जिवंत आहेस ना?"

"तुझा आवाज ऐकायचा राहिला होता म्हणून परत पाठवली."

मुकादम लगबगीनं आला. तिशीतला गडी, लहानपणी याच बांधावर मावशीनं त्याचं नाक पुसलेलं. "मावशी, बरी आहेस का? तुझ्यावाचून काड्यांचे हाल झाले बघ," तो हसला, आणि त्यानं हाळी दिली, "विडीऽऽ!"

बाया वर आल्या. सून सगळ्यांच्या मागे होती. तिच्या बोटांत विडी होती, न पेटवलेली. सवयीनं सगळ्यांनी मावशीपुढे हात केले. मावशीनं पिशवी सोडली नाही.

"काडी दे की गं."

"देणार नाही."

"आता काय झालं हिला?"

"मला जे झालं ते तुम्हाला व्हायला नको, म्हणून नाही देणार. ज्यांना ओढायचीय त्यांनी आपल्या काड्या आणा, मी हात धरणार नाही. पण माझ्या हातानं आता नाही."

भोंगानं बडबडत कनवटीची सादळलेली पेटी काढली आणि तीन काड्या वाया घालवून आपली विडी पेटवलीच. तिचं तिनं बघावं. बाकीच्या घुटमळत उभ्या राहिल्या. मावशीनं सुनेचा हात धरला आणि तिला शेजारी बसवलं. बोटांतली विडी तिनं काढून घेतली नाही. सुनेनंच ती मातीत टाकली.

मुकादम बघत होता. "ए, विडी नाही तर बसलीस कशाला? चल, खाली!"

"मी बसवलंय तिला," मावशी म्हणाली.

"का?"

"दमलीय म्हणून."

त्या शेतावर दमले म्हणून बसले असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मावशीलाही आत्ता, म्हणताना, ते कळलं. एवढा साधा शब्द एकोणीस वर्षांच्या वयात तोंडातून का निघाला नाही, याचं तिला वाईट वाटलं. उगाच विडी हिसकावली. म्हाताऱ्या मुकादमाशी भांडायचंच होतं, तर बसण्यासाठी भांडायचं होतं.

"मावशी, असं नको करूस," मुकादम खालच्या आवाजात म्हणाला. "मी काय राक्षस आहे का? पण मालक त्या रस्त्यानं जातो. धूर दिसला की विचारत नाही. नुसत्या बाया बसलेल्या दिसल्या तर मला फाडून खाईल. काय सांगू त्याला?"

"सांग, बायांना काळीज असतं."

"चेष्टा नको गं."

"मी चेष्टा करतेय असं वाटतं तुला? त्या दिवशी ट्रॉलीत तूच घातलंस ना मला? आज ट्रक किती वाजता येणार?"

"पाचला."

"मग भांडत बसलास तर पोती कोण भरणार? घटकाभर बसू दे, उठतील आणि भरतील."

एवढं बोलून मावशीला धाप लागली. ती थांबली, मग सरीकडे तोंड करून तिनं हाक मारली, "उभे! ए उभे! ये वर!"

खाली वाकलेली उभी दचकून सरळ झाली. तिच्याबरोबरच्या तिघी पण. त्यांनी मुकादमाकडे बघितलं.

"त्याच्याकडे काय बघता? या वर. तू माझ्या तोंडातली विडी काढलीस म्हणून मी जिवंत आहे. एवढी वर्षं मी इथे बसून धूर काढला आणि तू माझ्यासमोर वाकून वेचत होतीस. मला कधी दिसली नाहीस गं. ये."

उभी बांधावर आली. पदराला हात पुसत नुसतीच उभी राहिली. कुठे बसावं, कसं बसावं, काही कळत नसल्यासारखी.

मुकादमानं रस्त्याकडे नजर टाकली. रस्ता रिकामा होता. त्यानं डोकं खाजवलं, पोत्यांकडे बघितलं, बायांकडे बघितलं, मग खिशातून विडी काढून ओठांत धरली. "हे बघा," तो तोऱ्यात म्हणाला, "माझी विडी होईपर्यंत. संपली की सगळ्यांनी उठायचं. एकीनंही मागं राहायचं नाही." आणि त्यानं खिसे चाचपले. "मावशी, काडी आहे का?"

मावशीनं कमरेची पिशवी सोडली, प्लॅस्टिकचा कागद उलगडला आणि अख्खी काडेपेटी त्याच्या हातावर ठेवली. "ठेव तुझ्याकडेच. आणि तू पण सोड, तुझा बाप किती खोकून गेला ते आठव. पण आज ओढ."

त्यानं विडी पेटवली. बाया बसल्या. उभी बसली. आधी उकिडवी, मग हळूच मांडी घालून, मग पाय लांब करून. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि भेगांत माती.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"काही नाही करायचं," मावशी म्हणाली. "बसायचं."

सुनेनं मावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मावशीची बोटं रिकामी होती आणि विडीसाठी वळवळत होती. भोंगाच्या विडीचा धूर नाकात जात होता आणि तोंडाला पाणी सुटत होतं. तिनं पदर नाकाला लावला. उपटलेल्या दाढेच्या जागी जीभ गेली. तिथला खड्डा आता भरत आला होता.

"दुखतेय का गं दाढ?" भोंगानं विचारलं.

"नाही. चांगली दाढ होती, फुकट गेली."

मुकादम पाठमोरा उभा राहून रस्त्यावर लक्ष ठेवत होता, मालकाची गाडी येते की काय याची त्याला धाकधूक. त्या नादात त्याच्या हातातली विडी कधीच विझून गेली होती. डोळे मिटलेली सून सोडून बाकी सतराही बायांना ती दिसत होती. कुणी त्याला सांगितलं नाही.